दोन भाषांतला ‘कस’

बेंगळुरूस बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाचा कानडीशी पहिला परिचय बहुधा पहाटेच्या दुधाने आणि सकाळच्या कचऱ्याने होतो. सातच्या सुमारास वसाहतीच्या फाटकाशी गाडी उभी राहते आणि कोणी बाई ‘कस! कस!’ अशी हाक देत दारांवरून जाते. आम्ही येथे नवे असताना ही हाक ऐकून क्षणभर चकित झालो होतो. कस म्हणजे सोन्याचा. तो कसोटीच्या दगडावर उतरतो. कस म्हणजे जमिनीचा. तो शेणखताने वाढतो. कस म्हणजे माणसाचा. तो प्रसंगी लागतो. असा मोलाचा शब्द ही बाई घरोघर का उच्चारीत हिंडते, हे आम्हांस उमगेना. मागाहून शेजाऱ्यांनी खुलासा केला की कानडीत कस म्हणजे कचरा. हशा झाला, आणि आम्ही टोपली घेऊन बाहेर आलो. पुढे मात्र ह्या एका शब्दाने आम्हांस बराच विचार करावयास लावले. तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना इतिहासाची ओढ मोठी. बेंगळुरूस पाऊल ठेवले की आम्ही प्रथम शहाजीराजांची आठवण काढतो. १६३८ साली विजापूरकरांनी हे ठाणे घेतले, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि पुढे १६८७ साली ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या हाती गेले, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. तो अभिमान रास्तच आहे. परंतु शहराचा इतिहास केवळ ते कोणी जिंकले आणि कोणी विकले एवढ्यातच नसतो. शहराने आपली घाण कोठे नेऊन टाकली, ती कोणाच्या दारात पडली, आणि ‘येथे टाकू नका’ असे म्हणावयास कोण उभे राहिले, हाही इतिहासच आहे. बेंगळुरूच्या गेल्या तीन-चार दशकांचा असा इतिहास लिहू गेल्यास त्याच्या पानोपानी स्त्रियांची नावे येतात. त्यांच्या कामातून आमच्यासारख्या कचेरीत बसणाऱ्यांनी काय घ्यावे, हा ह्या लेखाचा विषय आहे.

घाण दूर लोटणे हा शहरांचा जुना स्वभाव होय. १८९८ साली बेंगळुरूस प्लेग आला. जुन्या पेठेतील दाटीवाटी पाहून सरकारने बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् ह्या मोकळ्या वसाहती वसविल्या. रुंद रस्ते झाले, घरांभोवती झाडे आली. ज्यांना जाणे शक्य होते ते तिकडे गेले. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ही योजना शहाणपणाचीच होती. परंतु तिच्या मुळाशी जी कल्पना होती, ती पुढे शंभर वर्षे टिकली: घाणीपासून माणसांनी दूर जावे, नाही तर माणसांपासून घाण दूर न्यावी. शहर लहान होते तोवर ‘दूर’ ह्या शब्दाला अर्थ होता. शहर वाढले तसा हा ‘दूर’ कोणाच्या तरी गावच्या वेशीवर, कोणाच्या विहिरीजवळ येऊन ठेपला.

हा ‘दूर’ ज्यांच्या घराशेजारी आला त्यांत एक होत्या श्रीमती अल्मित्रा पटेल. त्यांचे शालेय शिक्षण नाशिकजवळच्या देवळालीस, बार्न्स शाळेत झालेले. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या विख्यात संस्थेतून १९५९ साली त्या अभियंता होऊन बाहेर पडल्या. तेथून अभियंता झालेली पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. बेंगळुरूच्या सीमेवर कोत्तनूर येथे त्यांचे घर. तेथील रस्त्याकडेच्या ओलसर जागेत शहराचा कचरा येऊन पडू लागला आणि रात्री ऐकू येणारा बेडकांचा आवाज थांबला. आवाज थांबला, ही तक्रार कोणत्या विभागाकडे करावी? आमच्या कचेरीत असा अर्ज आला असता तर तो कोणत्या टेबलावर गेला असता, ह्याचा विचार करून आम्ही मनाशी हसलो, आणि मग ओशाळलो.

पटेलबाईंनी तो आवाज नोंदीत घेतला. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेस प्लेगाची साथ आली आणि साचलेल्या कचऱ्याकडे साऱ्या देशाचे डोळे वळले. त्या सुमारास पटेलबाई गावोगावच्या नगरपालिका पाहत हिंडल्या. कचरा उचलला जातो हे त्यांना बहुतेक ठिकाणी दिसले. उचललेला कचरा नीट ठेवण्याची जागा मात्र सहसा कोठे दिसली नाही. १९९६ साली त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने १९९८ साली कलकत्ता महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त असीम बर्मन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तीत पटेलबाईही सभासद होत्या. १९९९ मध्ये अहवाल आला आणि सप्टेंबर २००० मध्ये शहरांतील घनकचऱ्यासंबंधीचे पहिले देशव्यापी नियम राजपत्रात प्रसिद्ध झाले. पण दावा तेवढ्यावर मिटला नाही. तो पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेला, आणि तेथे अंतिम निकाल लागला डिसेंबर २०१६ मध्ये. उघड्यावर कचरा जाळण्यास त्या निकालाने बंदी केली. म्हणजे अर्ज केला तेव्हा साठीस आलेली बाई निकालाच्या वेळी ऐंशी वर्षांची झाली होती.

वीस वर्षे! आम्ही कारकून लोक. कागदाचे आयुष्य किती असते हे आम्हांस ठाऊक आहे. आमच्याकडे एखादे प्रकरण ‘निकाली काढले’ म्हणजे ते सुटलेच असे नव्हे. पुष्कळदा ते केवळ टेबलावरून हललेले असते. मराठीत एक सुंदर शब्द आहे, ‘पाठपुरावा’. आम्ही तो स्मरणपत्राच्या खाली यांत्रिकपणे लिहितो. कागद हलला तरी प्रश्न हलला नाही, हे ओळखून त्याच्या मागे वीस वर्षे चालत राहणे हा त्या शब्दाचा खरा अर्थ आहे, हे आम्हांस पटेलबाईंच्या दाव्याची कथा वाचताना प्रथम उमजले.

तथापि नियम झाला म्हणून कचरा नाहीसा झाला नाही. बेंगळुरूचा कचरा उत्तरेस मावळ्ळीपुर येथे आणि पूर्वेकडे मंडूर येथे जाऊन पडतच राहिला. त्या गावच्या लोकांनी दुर्गंधी, माशा आणि नासलेले पाणी सोसले, आणि अखेरीस गाड्या अडविल्या. २०१२ च्या पावसाळ्यात मावळ्ळीपुरची जागा बंद झाली आणि ‘उद्याननगरी’ म्हणून मिरविणाऱ्या ह्या शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. २०१४ मध्ये मंडूरच्या ग्रामस्थांनी पुन्हा निकराचा विरोध केला आणि त्या वर्षअखेर तेथे कचरा टाकणे थांबवावे लागले. ‘दूर’ संपला होता. आता एकच मार्ग उरला: कचरा ज्या घरात जन्मतो त्याच घरात ओला आणि सुका वेगळा करणे. १ ऑक्टोबर २०१२ पासून तेव्हाच्या बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेने तसे बंधन घातले. २०१२ पासूनच कर्नाटकाच्या उच्च न्यायालयात चाललेल्या दाव्यात डिसेंबर २०१५ मध्ये आदेश झाला आणि प्रत्येक घरी दोन डबे व एक पिशवी ही पद्धत आली: हिरवा डबा ओल्याचा, तांबडा टाकाऊचा, पिशवी सुक्याची. त्या दाव्याच्या अर्जदारही एक बाईच होत्या.

आता प्रश्न असा की वेगळा केलेला सुका कचरा घ्यावयाचा कोणी? ह्याचे उत्तर बेंगळुरूस काही अंशी पुण्याहून आले, आणि म्हणून मराठी वाचकास ते विशेष जवळचे वाटावे.

पुण्यात १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या स्त्रियांच्या वस्त्यांत गेल्या. त्या गेल्या होत्या अक्षरे शिकविण्यास. परंतु वेचणाऱ्या बायांची निकड निराळी होती. उकिरड्यात हात घालण्याऐवजी घराघरांतून निवडलेला कागद, काच, पत्रा मिळाला तर काम स्वच्छ होईल आणि चार पैसे जास्त सुटतील, असे त्यांचे म्हणणे होते. १९९३ साली डॉ. बाबा आढाव ह्यांच्या अध्यक्षतेखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत लक्ष्मी नारायण, पूर्णिमा चिकरमाने आणि नलिनी शेखर ह्यांचा वाटा होता. संघटनेचे नावच पाहा: त्यात कचरा हा शब्द नाही. ज्यास आम्ही कचरा म्हणतो तो त्यांच्या लेखी कागद आहे, काच आहे, पत्रा आहे. आणि तो वेचणारी बाई कष्टकरी आहे. पुणे महापालिकेने पुढे त्यांच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. २००८ पासून ‘स्वच्छ’ ह्या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा नेण्याचे काम हाती घेतले.

ह्यांतील नलिनी शेखर पुढे बेंगळुरूस आल्या आणि पुण्याचा धडा येथे घेऊन आल्या. ‘हसिरु दळ’, म्हणजे हिरवी सेना, ही त्यांची संस्था येथल्या कचरावेचकांबरोबर काम करू लागली. २०११ पासून महापालिकेने वेचकांना ओळखपत्रे देण्यास आरंभ केला. प्रभागाप्रभागांत सुक्या कचऱ्याची केंद्रे निघाली, आणि त्यांतील अनेक चालविण्यास वेचकच पुढे आले. काल ज्या बाईला शिपाई पहाटे हटकीत असे, ती आज खातेवही ठेवून किती किलो कागद आला आणि किती गेला ह्याचा हिशेब देते. ओळखपत्र हा केवढासा कागद! आमच्या खिशात तो असतोच, म्हणून त्याचे मोल आम्हांस कळत नाही. तो नसला की माणूस संशयित ठरतो. तो आला की तेच काम सेवा ठरते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नवे नियम केले, तेव्हा वेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर घातले गेले. १९९३ साली पुण्यात जे मागितले गेले ते तेवीस वर्षांनी दिल्लीच्या राजपत्रात उतरले. येथेही पाठपुरावाच होता.

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती न सांगता पुढचे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमच्या दाराशी येणाऱ्या बाईस आमच्या घरी सर्वजण अक्का म्हणतात. एका सकाळी अक्काने आमच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात हात घातला आणि चटकन मागे घेतला. दाढीचे जुने पाते आम्हीच आदल्या रात्री त्यात टाकले होते, कागदात गुंडाळण्याचेही कष्ट न घेता. ती रागावली नाही. पदराने बोट दाबून धरून तिने दुसऱ्या हाताने ते पाते शोधून काढले, आमच्या हातावर ठेवले, आणि ‘सार, इदु बेरे’ एवढेच म्हणाली. म्हणजे ‘साहेब, हे वेगळे.’ आमच्या पत्नीने हळद आणि चिंधी आणली. आम्ही मात्र ते पाते हातात घेऊन नुसते उभे राहिलो. त्याच दिवशी कचेरीत स्वच्छता पंधरवड्याच्या परिपत्रकाचे उत्तर वरिष्ठांकडे धाडावयाचे होते. मसुदा आमच्याकडे होता. ‘सर्व सूचनांचे पालन करण्यात आले आहे’ हे वाक्य आम्ही अनेक वर्षे लिहीत आलो आहोत. त्या दिवशी ते लिहिताना हात अडखळला. पण लिहिले.

नियम आणि हात ह्यांमधील हे अंतर कसे तुटते, ह्याचा शोध घेताना आम्हांस बेंगळुरूपासून फार दूर नसलेल्या एका रस्त्याची आठवण होते. मागडी तालुक्यातील हुळिकल ह्या गावाहून कुदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा वडांची रांग आहे. ती लावली तिम्मक्का आणि त्यांचे पती चिक्कय्या ह्यांनी. तिम्मक्का तुमकूर जिल्ह्यातल्या गुब्बी तालुक्याच्या. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, खाणीवर मोलमजुरी करीत. मूल नव्हते. त्या दुःखाच्या पोटी दोघांनी वडाची रोपे लावावयास घेतली. पहिल्या वर्षी दहा, दुसऱ्या वर्षी पंधरा, तिसऱ्या वर्षी वीस. दिवसाची मजुरी आटोपून घागरीने पाणी वाहून न्यावयाचे, गुरांनी खाऊ नये म्हणून काटेरी कुंपण घालावयाचे. अशी चार-साडेचार किलोमीटरांत सुमारे पावणेचारशे झाडे झाली. लोकांनी त्यांस ‘सालुमरद तिम्मक्का’, म्हणजे झाडांच्या रांगेची तिम्मक्का, असे नाव दिले. १९९१ साली चिक्कय्या गेले, झाडे राहिली. २०१९ साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी रस्तारुंदीकरणात हीच झाडे जाण्याची भीती उत्पन्न झाली. वयाची शंभरी कधीच ओलांडलेल्या तिम्मक्का राज्यकर्त्यांपुढे गाऱ्हाणे घेऊन गेल्या, आणि झाडे वाचवून दुसरा मार्ग शोधण्याचे आश्वासन घेऊन आल्या. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी बेंगळुरूस त्यांचे निधन झाले.

तिम्मक्कांचे कौतुक करताना सारे ‘त्यांनी झाडे लावली’ असे म्हणतात. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे. झाडे आम्हीही लावली आहेत. दर पावसाळ्यात कचेरीच्या आवारात साहेबांच्या हस्ते रोप लागते, छायाचित्र निघते, आकडा वर जातो. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात दुसरे रोप लागते. तिम्मक्कांनी झाडे जगविली. केनियात वंगारी मथाई ह्या विदुषीने १९७७ साली खेड्यांतील स्त्रियांकरवी वृक्षलागवडीची चळवळ उभारली. पुढे २००४ साली मथाईबाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या चळवळीत बायांना जो अल्प मोबदला मिळे तो लावलेल्या रोपांचा नसून जगलेल्या रोपांचा असे. कागदावर हा फरक एका शब्दाचा आहे, आणि जमिनीवर सावलीएवढा. लावलेले मोजावे की जगलेले मोजावे, हा प्रश्न आमच्या प्रत्येक तक्त्याच्या प्रत्येक रकान्याला विचारण्याजोगा आहे.

ह्या स्त्रियांचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानी येते. न्यायालयात जाणारी सुविद्य बाई, संघटना बांधणारी कार्यकर्ती, उकिरड्यावर राबणारी वेचक आणि घागर वाहणारी मजूर ह्यांची शिक्षणे निराळी, जाती निराळ्या, भाषा निराळ्या. परंतु ‘हे आपले काम नव्हे’ असे त्यांच्यापैकी एकीनेही म्हटले नाही. कचरा महापालिकेचा होता, रस्ता बांधकाम खात्याचा होता, तरी त्यांनी त्यास आपला म्हटले. आणि आपला म्हटल्यावर मग निकालास वीस वर्षे लागली काय किंवा वडास सावली धरण्यास वीस वर्षे लागली काय, त्यांनी घड्याळ पाहिले नाही.

आम्ही बदलीवर असलेली माणसे. ‘हे गाव आपले नव्हे, तीन वर्षे काढावयाची आणि जावयाचे’ ही वृत्ती आमच्या अंगी किती मुरलेली असते, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. पुण्यास वा साताऱ्यास असतो तर आम्ही नगरसेवकास धारेवर धरले असते. येथे भाषेची अडचण पुढे करून गप्प बसतो. पण पुण्यात शिकलेला धडा बेंगळुरूस रुजू शकतो, हे डोळ्यांसमोर आहे. आणि आमच्या पेशाकडूनही सारेच उणे झाले असे नाही. ती समिती एका आयुक्ताने चालविली; ती ओळखपत्रे कोण्या कारकुनाने लिहिली असतील, त्यांवर शिक्का कोणी मारला असेल. स्त्रियांनी दार ठोठावले तेव्हा आत कोणीतरी उठून कडी काढली. एवढे जरी आमच्या हातून झाले तरी परगावची नोकरी निव्वळ पगारापुरती राहणार नाही.

सर्व सुटले असे कोणी समजू नये. ढीग अजून आहेत, मिसळलेल्या पिशव्या रात्री कोपऱ्यावर पडतात, आणि वेचकांच्या हातांस पाती अजूनही लागतात. आमच्या घरात मात्र त्या दिवसापासून पात्यांसाठी एक निराळी डबी आली आहे. ओला कचरा आम्ही आता गच्चीवरच्या कुंडीत मुरवितो. पहिली तीन-चार महिने नुसता वास आणि चिलटे. पत्नीने दोनदा कुंडी फेकावयास काढली. मग एके दिवशी तळाशी काळीभोर, भुसभुशीत माती हाती आली. ती आम्ही गच्चीतल्या तुळशीला घातली, आणि मूठभर कागदात बांधून अक्कास दाखविली. तिने ती बोटांत चोळून पाहिली, नाकाशी नेली, आणि मान डोलावली.

कानडीतला कस असा मराठीतला कस झाला. अक्काला हा शब्दांचा खेळ समजावून सांगण्याइतकी कानडी आम्हांस अजून येत नाही. ती शिकावयास घेतली आहे.